विश्लेषण : काडतुसात दारू किती? हँडलोडिंगमध्ये फोनवरचा आकडा का चालत नाही?

अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे अनेक जण काडतुसे दुकानातून आणण्याऐवजी घरच्या टेबलावर स्वत: भरतात. त्याला ‘हँडलोडिंग’ किंवा ‘रीलोडिंग’ म्हणतात. २०२० नंतर तेथे प्रायमर आणि पावडर या दोन्हींचा मोठा तुटवडा झाला. हवी ती पावडर मिळेना, तेव्हा मिळेल ती घेण्याची वेळ अनेकांवर आली आणि ‘या पावडरीऐवजी ती चालेल का, किती घालू?’ या प्रश्नाचे उत्तर लोक फोनवर शोधू लागले. रील, स्क्रीनशॉट, समूहावरचा संदेश, आता चॅटबॉट. आकडा कुठूनही मिळतो. पण या छंदात चुकीच्या आकड्याने नेम चुकतो एवढेच होत नाही. तो आकडा चेहऱ्यापासून काही इंचांवर फुटू शकतो. पावडर कशी निवडतात, सुरुवात कमी मात्रेने का करतात आणि ‘चालणारा’ आकडा नेमका कोणाचा असतो, हे म्हणून समजून घ्यायला हवे.

हँडलोडिंग म्हणजे नेमके काय?

आपण बोलताना ‘गोळी’ म्हणतो, ते खरे तर काडतूस असते. त्याचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली दारू म्हणजे पावडर आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आपटते, प्रायमरच्या ठिणगीने पावडर पेटते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. यातली पुंगळी जळत नाही. ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवा प्रायमर, नवी पावडर आणि नवी गोळी घालून अनेकदा वापरता येते.

खर्च वाचवणे हे याचे जुने कारण. पण अचूक नेमबाजी करणाऱ्यांचे मुख्य कारण वेगळे आहे. त्यांना प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखे हवे असते आणि तेही आपल्याच रायफलीच्या नळीला मानवेल असे. जास्त ताकद हे त्यांचे उद्दिष्ट नसते. हा मुद्दा सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवा, कारण अनेक अपघातांचे मूळ ‘आणखी थोडा वेग’ या मोहात असते.

अमेरिकेत स्वत:च्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. ती बनवून विकायची असतील तर लागतो.

पावडरचे माप इतके नाजूक का?

रायफलीची पावडर ‘ग्रेन’ या एककात मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. एक ग्रेन भरतो सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या जुन्या हिशेबात सांगायचे तर साधारण अर्धी गुंज. आज लोकप्रिय असलेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसात चाळीसेक ग्रेन पावडर मावते. म्हणजे तीन ग्रॅमही नाही.

एवढ्याशा पावडरीने किती दाब तयार होतो? अमेरिकेत काडतुसांची प्रमाणे ठरवणारी ‘सामी’ ही उद्योगसंस्था १९२६ मध्ये स्थापन झाली. तिने ६.५ क्रीडमूर आणि .३०८ विंचेस्टर या दोन्ही काडतुसांसाठी कमाल सरासरी दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरवला आहे. .२२३ रेमिंग्टनसाठी तो ५५,००० आहे. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब साधारण १५ पौंड असतो. म्हणजे कुकरच्या चार हजार पटींहून अधिक दाब रायफलीच्या चेंबरमध्ये क्षणभर निर्माण होतो आणि गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या एक-दीड हजारांश भागात आटोपतो.

यातली खरी अडचण अशी की पावडर आणि दाब यांचे नाते सरळ त्रैराशिकाचे नाही. दाब वाढला की पावडर अधिक वेगाने जळते आणि ती वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. कमाल मर्यादेजवळ मात्रा थोडी वाढवली, तर वेग थोडाच वाढतो, दाब मात्र त्याहून पुष्कळ जास्त प्रमाणात चढतो. खालच्या टोकाला माफ होणारी चूक वरच्या टोकाला माफ होत नाही, ती यामुळे.

पावडर निवडतात कशी?

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू तयार केली. त्याआधीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. तिचा धूर दाट आणि दाब मर्यादित. नवी दारू नायट्रोसेल्युलोजची. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी तीत नायट्रोग्लिसरीन मिसळून ‘बॅलिस्टाइट’ आणली आणि १८८९ मध्ये ब्रिटनने ‘कॉर्डाइट’. आजही रायफलीच्या पावडरी याच दोन घराण्यांतल्या असतात. एक केवळ नायट्रोसेल्युलोजची, दुसरी नायट्रोग्लिसरीन मिसळलेली.

रसायन बरेचसे सारखे असूनही बाजारात शेकडो पावडरी आहेत, कारण खरा फरक जळण्याच्या गतीचा असतो. दाण्याचा आकार कांडीसारखा आहे की गोल की चपटा, दाणा किती मोठा आहे, त्याच्यावर ज्वलन मंद करणारा लेप किती आहे, यावर ही गती ठरते. निवडीचे मूळ सूत्र असे की पुंगळी मोठी, नळीचे छिद्र तुलनेने लहान आणि गोळी जड असेल, तर मंद जळणारी पावडर लागते. जड गोळी हलायला वेळ घेते. मागून वायू एकदम आला तर दाब कोंडतो. हळूहळू आला तर गोळी पुढे सरकत जागा करत जाते. पुंगळी लहान आणि गोळी हलकी असेल तर जलद पावडर. म्हणून पिस्तुलाची पावडर रायफलीच्या पुंगळीत भरणे हा थेट स्फोटाचा मार्ग आहे.

दुसरी कसोटी भरावाची. अचूकतेसाठी पुंगळी जवळपास भरेल अशी पावडर बरी मानतात. पावडर थोडी आणि जागा फार असली, तर रायफल खाली-वर झाली की दाणे कधी प्रायमरजवळ, कधी गोळीजवळ जमतात आणि प्रत्येक बार थोडा वेगळा पेटतो. पुंगळी भरलेली असेल तर हा फरक कमी होतो. शिवाय एक सुरक्षाही मिळते. चुकून दोनदा पावडर ओतली गेली तर ती तोंडातून सांडते आणि चूक तिथेच दिसते.

तिसरी कसोटी तापमानाची. बहुतेक पावडरी उन्हात तापल्या की दाब वाढवतात. जानेवारीच्या थंडीत कमाल मर्यादेला टेकवून ठरवलेली मात्रा जुलैच्या उन्हात मर्यादा ओलांडू शकते. एच-४३५० आणि व्हार्गेट या पावडरी स्पर्धकांत लोकप्रिय झाल्या त्या मुख्यत: तापमानाने कमी बदलतात म्हणून. या दोन्ही बनतात ऑस्ट्रेलियातील मलवाला येथे आणि विकते अमेरिकेतील हॉजडन ही कंपनी. सातासमुद्रापलीकडून येणारा माल असल्याने तुटवड्यात त्या मिळेनाशा झाल्या, यात नवल नाही.

एकाच क्रमांकाच्या दोन पावडरी वेगळ्या कशा?

फोनवरच्या आकड्याचा सर्वात मोठा धोका इथे आहे. ‘४३५०’ या क्रमांकाच्या पावडरी एकाहून अधिक आहेत. एच-४३५०, आयएमआर-४३५० आणि अ‍ॅक्युरेट-४३५०. हे तिन्ही ब्रँड तर आज एकाच कंपनीचे आहेत. तरीही या पावडरी एकमेकींच्या जागी वापरायच्या नाहीत आणि कंपनी त्यांचे तक्ते वेगळे देते. ४८३१ आणि ४८९५ या क्रमांकांचेही तसेच. ‘४३५० इतके ग्रेन, मस्त चालते’ असा संदेश वाचणाऱ्याला कोणती ४३५० हे कळतच नाही आणि लिहिणाऱ्याला ते सांगण्याची गरज वाटत नाही, कारण त्याच्या कपाटात एकच डबा असतो.

जळण्याच्या गतीचे तक्ते हा दुसरा सापळा. जलद ते मंद अशा क्रमाने शंभरावर पावडरी मांडलेला तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो. तो क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. शेजारशेजारच्या दोन पावडरींत फरक नगण्य असू शकतो, तसाच मोठाही असू शकतो. शिवाय एका पुंगळीत आधी येणारी पावडर दुसऱ्या पुंगळीत नंतर येऊ शकते. वर्गातल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांत किती गुणांचा फरक आहे हे क्रमांकावरून कळत नाही, तसेच हे. म्हणून हा तक्ता ‘कोणत्या पावडरी विचारात घ्याव्यात’ एवढ्यापुरताच. मात्रा ठरवायला तो निरुपयोगी आहे.

मग सुरुवातीची मात्रा कुठून घ्यायची?

पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातून. दुसरे उत्तर नाही. हॉजडन, हॉर्नडी, सिएरा, लायमन, फिनलंडची व्हिटाव्हुओरी यांची पुस्तके आणि तक्ते असतात आणि त्यांतले बरेच मोफत पाहता येतात. म्हणजे बरोबर आकडाही फोनवरच असतो. प्रश्न माध्यमाचा नाही, त्या आकड्यामागे कोण उभे आहे याचा आहे. या कंपन्या प्रयोगशाळेत चाचणीची नळी लावून, तिला दाब मोजणारे विद्युत संवेदक जोडून बार काढतात. घरच्या टेबलावर कोणाकडे ही सोय नसते. तक्त्यातल्या आकड्याची किंमत आहे ती या मोजणीची.

तक्त्यात प्रत्येक जोडीसाठी दोन मात्रा असतात, सुरुवातीची आणि कमाल. सर्वसाधारणपणे सुरुवातीची मात्रा कमाल मात्रेपेक्षा सुमारे दहा टक्के कमी असते. कमाल १०० मानली तर सुरुवात ९० च्या आसपास. तिथून टक्क्याभराच्या किंवा त्याहून लहान पायऱ्यांनी वर जायचे. प्रत्येक पायरीला मोजकीच काडतुसे भरायची, वेग मोजायचा, पुंगळ्या तपासायच्या आणि मगच पुढची पायरी. या लेखात कोणत्याही काडतुसासाठी ग्रेनचा आकडा दिलेला नाही, तो जाणीवपूर्वक. वृत्तपत्रात छापलेला आकडाही कापून, स्क्रीनशॉट होऊन, संदर्भाविना फिरू लागतो.

‘कमी म्हणजे सुरक्षित’ असे समजून सुरुवातीच्या मात्रेच्याही पुष्कळ खाली जाणे मात्र चूक आहे. मोठ्या पुंगळीत मंद पावडर फार थोडी घातली, तर ती नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकू शकते किंवा दाब अनपेक्षितपणे उसळू शकतो. काही पावडरींबाबत कंपन्याच ‘मात्रा कमी करू नका’ असे बजावतात. उलट एच-४८९५ साठी हॉजडनने सौम्य बाराकरिता कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरण्याची मुभा दिली आहे. एका पावडरीला दिलेली ही मुभा दुसरीला लागू नाही. खालची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच तक्त्यातून घ्यायची असते.

तक्त्यातला आकडा आपल्या रायफलीला तसाच का लावायचा नाही?

कारण तो आकडा केवळ पावडरीचा नसतो. तो एका संपूर्ण जुळणीचा असतो. पावडरीचे नाव, गोळीची कंपनी, वजन आणि घडण, पुंगळी कोणत्या कंपनीची, प्रायमर कोणता, गोळी पुंगळीत किती खोल बसवली, नळीची लांबी किती. यातले एक बदलले तरी हिशेब बदलतो.

लष्करी बनावटीच्या काही पुंगळ्यांचे पितळ जाड असते. बाहेरून माप तेच, पण आतली जागा कमी, म्हणून त्याच पावडरीला दाब जास्त. सारख्याच वजनाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यांत नळीला घासणारा भाग कमी-अधिक असतो, तिथेही दाब बदलतो. गोळी इतकी पुढे बसवली की ती नळीतल्या आट्यांना टेकली, तर सुरुवातीचा दाब वाढतो. साध्या प्रायमरच्या जागी मॅग्नम प्रायमर वापरला तरी तेच. शिवाय एकाच पावडरीच्या दोन उत्पादन-खेपांत थोडा फरक असू शकतो. म्हणून नवा डबा उघडला की अनुभवी मंडळी मात्रा थोडी खाली आणून पुन्हा तपासतात.

६.५ क्रीडमूरचेच उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे १८७० च्या दशकात लांब पल्ल्याच्या नामांकित स्पर्धा होत. त्या रेंजचे नाव घेऊन हॉर्नडी कंपनीने हे काडतूस २००७ मध्ये आणले. सुरुवातीच्या खोक्यांवर कंपनीने आपली पावडर आणि मात्रा छापून टाकली होती, कारण स्पर्धकांना घरी तेच काडतूस भरता यावे. इतका प्रामाणिक, थेट कारखान्यातून आलेला आकडासुद्धा त्या कारखान्याच्या पुंगळीचा, त्या गोळीचा आणि त्या प्रायमरचा होता. तो सुरुवात करण्याचा आकडा नव्हता, शेवटी पोहोचण्याचा होता. मग तिसऱ्याच पुंगळीत, चौथीच गोळी घालून बार काढणाऱ्या अनोळखी माणसाच्या संदेशातल्या आकड्यावर किती विसंबायचे, हे सांगायला नको.

दाब वाढल्याचे कळते कसे?

पुंगळीवर काही खुणा उमटतात. प्रायमरचे गोल काठ सपाट होतात, पुंगळीच्या बुडावर चमकदार ठसा उठतो, बोल्ट उघडताना जड जातो. या खुणा दिसल्या की थांबायचे आणि मागे यायचे, हे बरोबरच. पण ‘खुणा दिसल्या नाहीत म्हणजे दाब ठीक आहे’ हा उलटा निष्कर्ष घातक आहे. पितळावर खूण उठेपर्यंत दाब अनेकदा ठरवून दिलेली मर्यादा ओलांडून गेलेला असतो. शिवाय मऊ प्रायमर कमी दाबालाही सपाट होतो, कडक प्रायमर जास्त दाबालाही गोल राहतो.

त्याहून विश्वासू साक्षीदार म्हणजे वेग. गोळीचा वेग मोजणारी रडारवजा उपकरणे आता मुठीएवढी झाली आहेत. तक्त्यात कमाल मात्रेपुढे कमाल वेगही दिलेला असतो. आपल्या नळीची लांबी तक्त्यातल्या नळीइतकीच असताना कमी पावडरीत तोच वेग मिळाला, किंवा कमाल वेगाच्याही पुढे गेलो, तर आपली रायफल ‘वेगवान’ आहे म्हणून खूश होण्याचे कारण नाही. त्याच पावडरीतून मिळणारा जादा वेग हा बहुतेक वेळा जादा दाबाचाच पुरावा असतो. फुकट काही मिळत नाही. तिथे थांबायचे, तक्त्यात जागा शिल्लक दिसत असली तरीही.

अचूकतेला याचा फायदा किती?

६.५ मिमीची १४० ग्रेन वजनाची लांब पल्ल्याची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सुटते असे धरू. दोन बारांच्या वेगात ३० फुटांचा फरक असेल, म्हणजे जेमतेम एक टक्का, तर हजार यार्डांवर म्हणजे ९१४ मीटरवर त्या दोन गोळ्या साधारण सात इंच वर-खाली लागतात. ‘एफ-क्लास’ स्पर्धेत या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे असते आणि मधले ‘एक्स’ पाच इंचांचे. वाऱ्याचा अंदाज अचूक असूनही केवळ पावडरीतल्या असमानतेमुळे गुण जातो. म्हणून स्पर्धक प्रत्येक पुंगळीतली पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात.

पण इथेही फोनवरच्या फोटोपासून सावध राहायला हवे. तीन गोळ्या एकाच भोकात गेल्याचा फोटो दाखवून ‘हीच ती मात्रा’ असे सांगितले जाते. नाणे तीनदा उडवून तीनदा छापा पडला, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. तीन बारांच्या गटावरून एक मात्रा दुसरीपेक्षा सरस ठरवणेही तसेच. तीच मात्रा आणखी वीस-तीस बारांत तपासली की तो सुंदर गट पुष्कळदा सैलावतो. दोन-तीन दशांश ग्रेनच्या फरकात जादू शोधण्यापेक्षा योग्य पावडर, चांगली गोळी आणि प्रत्येक काडतुसातला सारखेपणा यांचा फायदा जास्त. आणि हे तिन्ही कमाल मात्रेच्या पुष्कळ अलीकडेही मिळते.

टेबलावरची शिस्त कोणती?

या कामातले नियम कंटाळवाणे आहेत आणि म्हणूनच ते मोडले जातात. टेबलावर एका वेळी एकच पावडर. ती तिच्या मूळ डब्यातच ठेवायची. काम संपले की यंत्रातली उरलेली पावडर त्याच दिवशी त्याच डब्यात परत. नाव नसलेल्या भांड्यातली पावडर कोणती असेल याचा अंदाज बांधायचा नाही, ती बाद करायची. दोन पावडरी कधीही मिसळायच्या नाहीत. वजनकाटा रोज ठरावीक वजनाने तपासायचा. भरलेल्या पुंगळ्यांच्या तोंडात गोळी बसवण्याआधी उजेडात एकदा नजर टाकायची. काडतुसांच्या डब्यावर पावडर, मात्रा, गोळी, प्रायमर आणि तारीख लिहायची. काम करताना फोन बाजूला ठेवायचा, हाही नियम आता अनेक जण या यादीत घालतात. मोजणी चालू असताना आलेला एक संदेश ही पुंगळी भरली की राहिली, याचा विसर पाडायला पुरेसा असतो.

भारतात, महाराष्ट्रात याचे काय?

भारतात हे घरी करून पाहण्याचे काम नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. यूट्यूबवर अमेरिकेतील गॅरेज पाहून कोल्हापूर किंवा पुण्यातील कोणी तसे करायला गेला, तर तो छंद ठरत नाही.

आपल्या नेमबाजांना त्याची गरजही पडत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. या प्रकारातले .२२ काडतूस ‘रिमफायर’ असते. त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही.

पण हँडलोडिंगमागचे तत्त्व इथेही आहे. अव्वल नेमबाज काडतुसांची ‘लॉट टेस्टिंग’ करतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या उत्पादन-खेपा आपल्या रायफलीतून झाडून पाहायच्या आणि जी खेप आपल्या नळीला मानवेल तीच स्पर्धेसाठी घ्यायची. शेजारच्या नेमबाजाला उत्तम गेलेली खेप आपल्याला तशीच जाईल असे कोणी गृहीत धरत नाही. पावडर त्यांनी तोललेली नसते, परंतु ‘दुसऱ्याच्या नळीतला निकाल आपल्या नळीला लागू नाही’ हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मुद्दा पावडरीपुरता आहे का?

अमेरिकेतील तुटवडा आज ना उद्या सरेल. आकडे फिरण्याची सवय जाणार नाही. ती पसरवणाऱ्यांत वाईट हेतूचे लोक फार नसतात. बहुतेकांचा आकडा त्यांच्या रायफलीत खरोखरच चाललेला असतो. अडचण तीच आहे. ‘माझ्याकडे चालले’ हे विधान खरे असूनही दुसऱ्यासाठी निरुपयोगी, प्रसंगी जीवघेणे असू शकते. औषधाची मात्रा, वायरची जाडी, फवारणीच्या द्रावणाचे प्रमाण. आपल्याकडेही असे आकडे समूहांवर रोज फिरतात. वय, वजन, भार, पीक, सोबतचे दुसरे औषध हे सगळे गळून पडते आणि एक गोल, आत्मविश्वासू आकडा उरतो. चॅटबॉटचे उत्तर त्यात भर घालते. ते नीटस मराठीत किंवा इंग्रजीत येते, पण त्या आकड्यामागे कोणी बार काढून दाब मोजलेला आहे की नाही, हे त्यात दिसत नाही.

कंपन्यांनीही आपले तक्ते फोनवर वाचायला सोपे, शोधायला सुलभ आणि अद्ययावत ठेवायला हवेत. अधिकृत तक्ता सापडायला दहा मिनिटे आणि अनोळखी माणसाचा आकडा दहा सेकंदांत, अशी स्थिती असेल तर लोक काय निवडतील हे उघड आहे. आणि वाचणाऱ्याने आकडा घेण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत. हा कोणी मोजला? आणि नेमका कोणत्या जुळणीसाठी? दोन्हींची उत्तरे मिळत नसतील तर तो आकडा कितीही जणांनी पुढे पाठवलेला असो, पुंगळीत पावडर ओतायला तो आधार होऊ शकत नाही.